ताटातूट ते भेट: मुलांसाठी जादूची गोष्ट लिहायला बसताना

पांगलेलं घर एका लहानग्याच्या जादुई सफरीमुळे पुन्हा जुळतं, ही कल्पना नव्यानं लिहिणाऱ्या पुष्कळांना भुरळ घालते. बहुतेकांची गोष्ट मात्र एकाच जागी अडते. परी येते, कांडी फिरवते, रुसलेले आईबाबा हसायला लागतात, संपलं. ऐकणारं मूल तेवढ्यावर गप्प बसत नाही. "मग आधी ते भांडले कशाला होते?" असं ते विचारतं, आणि त्याचं बरोबरच असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जादूनं मुलाला वाट करून द्यावी, भेट मात्र माणसांनी घडवावी. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना गोष्ट घेते आणि शेवटपर्यंत तीच बांधत नेते.

पहिली पायरी: घर का पांगलं ते नक्की करा

जादूचं नंतर बघू. आधी कागदावर एका वाक्यात लिहा: या घरातली माणसं एकमेकांपासून लांब का आहेत? "काही कारणानं" असं लिहून चालणार नाही. मुलांना कारण लागतं, आणि ते खरं लागतं.

आपल्याकडे कारणांची वाण नाही. कोकणातला बाप मुंबईत चाकरमानी, घरी येणार गणपतीला नाहीतर शिमग्याला. गोव्यातला तारवटी कित्येक महिने बोटीवर. धरणात गाव गेलं आणि एका घरातल्या भावंडांना वेगवेगळ्या ठिकाणी जमिनी मिळाल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यातून वाचलेली मुलं पुढं कुणाकुणाकडे वाढली. शहरातलं मूल आईकडे राहतं आणि कोर्टानं ठरवून दिलेल्या दिवशी बाबांना भेटतं. यातलं कुठलंही घ्या, पण जे तुम्ही जवळून पाहिलं आहे ते घ्या.

नमुन्यासाठी मी बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कामगाराचं घर घेते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच 'उचल', म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायची म्हणून ऊस तोडायचा. कारखान्याजवळ पालांची, कोप्यांची वस्ती पडते. गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परत. मुलं काही बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आज्जीपाशी.

आपली सुमी दहा वर्षांची, आज्जीपाशी राहिलेली. पण नुसतं स्थलांतर हे ताटातुटीचं कारण धरू नका. ती परिस्थिती झाली. गोष्टीला त्या परिस्थितीत कुणीतरी केलेली एक कृती हवी. सुमीचा दादा सोळा वर्षांचा. दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला, त्याला आयटीआय करायचं होतं. अप्पांनी त्याला न विचारता त्याच्या नावावर 'अर्ध्या कोयत्याची', म्हणजे एकट्या माणसाच्या कामाची, उचल घेतली. दादा रात्रीतून निघून गेला. अप्पांनी घरात त्याचं नाव काढायचं बंद केलं. माय काही बोलत नाही.

आता बघा, यात कुणीच दुष्ट नाही. अप्पांना मुलीच्या दुखण्याला घेतलेलं कर्ज फेडायचं होतं. दादाला शिकायचं होतं. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच जादूनं हे सुटणार नाही.

एक खबरदारी इथंच घ्या. ज्या मुलीचं दुखणं त्या कर्जामागं आहे ती सुमीच आहे. मुलं असलं काही फार पटकन स्वतःवर ओढून घेतात: माझ्यामुळं झालं. गोष्टीत तो विचार तिच्या मनात येऊ द्या, पण कुणीतरी मोठ्या माणसानं तो स्पष्ट शब्दांत खोडून काढलाच पाहिजे. आज्जी म्हणेल, "तू आजारी पडलीस गं, पाप नाही केलंस. पैशाचं बघायचं काम मोठ्यांचं." हे वाक्य कितीही साधं वाटलं तरी कापू नका. ते वाक्य ऐकायची गरज असलेलं मूल वाचकांत असतंच असतं.

दुसरी पायरी: जिवतीची कहाणी पुन्हा एकदा ऐका

हा विषय आपल्याकडे नवा नाही. श्रावणातल्या शुक्रवारची जिवतीची कहाणी घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाकडून ऐका, नाहीतर कहाण्यांच्या पुस्तकात वाचा. राणीला मूल हवं म्हणून सुईण एका गरीब बाईचं नुकतं जन्मलेलं बाळ पळवते आणि तिच्यापुढं वरवंटा ठेवते. ती आई दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते, "जिथं माझं बाळ असेल तिथं खुशाल असो" म्हणते आणि तांदूळ उडवते. ते तांदूळ राजवाड्यात वाढणाऱ्या त्या मुलाच्या डोक्यावर पडतात. पुढं मुलगा राजा होतो, काशीयात्रेला जातो, परत येऊन गावजेवण घालतो. पंगतीत त्या बाईला पान्हा फुटतो आणि धार थेट राजाच्या तोंडात उडते. तिथं ओळख पटते.

लिहिणाऱ्याच्या नजरेनं यात काय काय आहे ते पाहा. जादू किती लहान आहे: मूठभर तांदूळ. स्वयंपाकघरातली वस्तू, रोज हाताखालची. त्या तांदळानं मूल उडत घरी येत नाही, त्याला फक्त जपलं जातं. आईलाही काही पाळावं लागतं. हिरवं लुगडं नेसायचं नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही. म्हणजे जादूला किंमत आहे आणि नियम आहेत. आणि भेट होते ती कुठं? गुहेत नाही, आभाळात नाही, चारचौघांत, जेवणाच्या पंगतीत.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिचा शेवट. मुलगा आईबापांना आपल्या राजवाड्याशेजारी वाडा बांधून देतो. सगळं पहिल्यासारखं होत नाही. जे मधे घडलं ते पुसलं जात नाही, तरी माणसं एकमेकांची होतात. शेकडो वर्षं तोंडोतोंडी आलेल्या कहाणीला हे कळलेलं आहे, ते आपल्यालाही जमायला हवं.

(या कहाणीत मोठ्यांसाठीचेही काही भाग आहेत. लहान मुलांना जशीच्या तशी सांगायची गरज नाही. तुम्ही तिची बांधणी शिकायची आहे.)

तिसरी पायरी: जादूची वस्तू घरातली घ्या आणि नियम लिहून काढा

चमचमती कांडी, उडता घोडा, बोलका दिवा हे सगळं मुलांनी हजारदा पाहिलं आहे. त्यापेक्षा त्या घरात काय असतं ते आठवा. सुमीच्या घरी वाकळ आहे. जुन्या लुगड्यांची, धोतरांची, सदऱ्यांची ठिगळं जोडून धावदोऱ्यानं शिवलेली. मायच्या लुगड्याचं हिरवं ठिगळ, अप्पांच्या पटक्याचं लाल, दादाच्या शाळेच्या सदऱ्याचं पांढरं. सगळे टाके पणजीच्या हातचे, आणि पणजी आता नाही.

आता नियम. एका वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद लिहिताना समोर ठेवा.

ज्याच्या ठिगळावर तळहात ठेवून सुमी झोपेल, त्याच्यापाशी ती पोचते. तिथं तिला दिसतं, ऐकू येतं, वास येतो, पण तिचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. प्रत्येक फेरीला त्या ठिगळाची एक बाजू उसवते. चारी बाजू उसवल्या की ठिगळ सुटून पडतं आणि ती वाट कायमची बंद. पुन्हा शिवून उपयोग नाही, कारण टाके पणजीचे राहत नाहीत.

बस. पाच वाक्यांत मुलाला सांगता आले नाहीत तर नियम जास्त झाले असं समजा.

हे नियम उगाच नाहीत. तिला बोलता येत नाही, म्हणून ती जादूनं भांडण मिटवू शकत नाही. फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून तिला निवड करावी लागते: आज मायला बघायला जाऊ की दादाला शोधायला? हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलीपुढं टाकला की गोष्ट आपोआप पुढं सरकते. आणि एकदा ठरवलेला नियम मोडू नका. शेवटाकडे अडचण आली म्हणून "त्या रात्री मात्र तिचा आवाज ऐकू गेला" असं लिहिलंत, तर मुलं लगेच पकडतात आणि मग पुढच्या कशावरच विश्वास ठेवत नाहीत.

चौथी पायरी: पहिला जादूचा प्रसंग अंगाला लागेल असा लिहा

नवखे लेखक इथं बहुतेक वेळा असं लिहितात: "अचानक लख्ख प्रकाश पडला आणि सुमी एका अद्भुत दुनियेत पोचली. तिचा आनंद गगनात मावेना." यात डोळ्यांपुढं काहीच उभं राहत नाही. तोच प्रसंग असा लिहून पाहा:

*सुमीनं हिरव्या ठिगळावर तळहात ठेवला. ठिगळ गार होतं. हळूहळू ते कोमट झालं. मग नाकात धूर शिरला. चुलीचा धूर, पण घरच्या चुलीचा नाही. पाचटाचा. तिनं डोळे उघडले तर वर आढं नव्हतं, वाकवलेल्या बांबूंची कोपी होती. माय भाकरी थापत होती. बाहेर अजून अंधार होता आणि कुणीतरी हाक देत होतं, "चला रं, गाडी लागली!" माय उठली. भाकरी फडक्यात बांधली. मग एक चतकोर मोडून तिनं बाजूला ठेवला, आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. घरी असताना सुमीला ती असाच पहिल्या भाकरीचा चतकोर द्यायची.*

प्रकाश नाही, आवाज नाही. आधी स्पर्श, मग वास, मग नजर. मुलगी कुठं पोचली ते सांगितलेलं नाही, दिसलं आहे. आणि "मायला सुमीची फार आठवण येत होती" हे वाक्य कुठंच नाही, ते त्या चतकोरात आहे. भावनेचं नाव घेण्याआधी हातांनी काय केलं ते लिहा. पुष्कळदा मग नाव घ्यावंच लागत नाही.

अशा बारकाव्यांसाठी माहिती लागते, ती गोळा करा. तोडीला माणसं पहाटेच्या अंधारात निघतात. ऊस तोडायचा, पाला साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा भाग, जनावरांना जातं. हातांना पात्यानं चिरा पडतात. तुमची गोष्ट बोटीवरची असेल तर बोटीवरचं, मुंबईच्या खोलीतली असेल तर खोलीतलं विचारून घ्या. ते काम केलेल्या माणसाशी निवांत बसून बोललात तर दहा पुस्तकांत नाही ते मिळेल.

पाचवी पायरी: मधल्या फेऱ्यांत मुलाला गुपितं कळू द्या

मधला भाग म्हणजे नुसती भटकंती नव्हे. प्रत्येक फेरीत मुलाला असं काहीतरी कळावं जे दुरावलेल्या माणसांना एकमेकांबद्दल माहीत नाही.

अप्पांच्या लाल ठिगळावरून गेल्यावर सुमीला दिसतं की पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अप्पांनी दादाची दहावीची गुणपत्रिका जपून ठेवली आहे. त्यांना ती धड वाचता येत नाही. ते बोट फिरवतात आणि परत ठेवतात. दादाच्या पांढऱ्या ठिगळावरून गेल्यावर कळतं की तो हायवेवरच्या एका ढाब्यावर भांडी घासतो आणि वहीत हिशेब लिहितो: आपल्या नावावरच्या उचलीतले किती फिटतील. दोघंही एकमेकांसाठी काहीतरी करताहेत आणि दोघांनाही वाटतं की समोरच्यानं आपल्याला टाकलं.

दोन्ही गुपितं फक्त सुमीकडे आहेत. आणि तिचा आवाज तिथं पोचत नाही. गोष्टीचा सगळा ताण इथं आहे, म्हणून इथं घाई करू नका. तिला ओरडू द्या, दादाचा शर्ट धरून ओढू द्या, हात रिकामा परत येऊ द्या. मग शेवटची शिवण उसवते.

सहावी पायरी: जादू संपवा, मग भेट घडवा

हा क्रम उलटा करू नका. भेटीच्या क्षणी जादू चालू असेल तर श्रेय जादूला जातं. सुमीची वाकळ उसवली, आता तिच्याकडे उरलं आहे ते फक्त जे पाहिलं ते आणि ते सांगायची हिंमत.

ती कुणाला सांगते? आज्जीला. आज्जीचा आधी विश्वास बसत नाही. मग सुमी पेटीतल्या पिशवीचा रंग सांगते, ढाब्याच्या पाटीवरचं नाव सांगते. आज्जी बटणांचा मोबाइल काढते आणि मुकादमाच्या नंबरावर अप्पांना बोलावून घेते.

इथं मी हट्टानं एक सांगेन: दहा वर्षांच्या मुलीला एकटीला एस.टी.त बसवून ढाब्यावर पाठवू नका. गोष्ट रंगेल, पण वाचणारी मुलं खरी असतात आणि घरात बिनसलेलं असताना निघून जाण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवून गेलेला असू शकतो. धाडस जादूच्या जगात कितीही मोठं करा. खऱ्या जगातलं धाडस म्हणजे विश्वासाच्या मोठ्या माणसाला खरं सांगणं, हे गोष्टीत दिसू द्या. तुमच्या कथेत मूल स्टेशनवर वगैरे एकटं सापडतच असेल तर 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी, रेल्वे पोलीस, बाल कल्याण समिती ही व्यवस्था कशी चालते ते समजून घ्या आणि तशीच दाखवा.

आता भेट. अप्पा ढाब्यावर जातात. इथं लांबलचक माफीचं भाषण लिहायचा मोह होतो. लिहू नका. असा बाप असं बोलत नाही. अप्पा पिशवी काढतात, गुणपत्रिका पुढं करतात आणि विचारतात, "फारम कधी भरायचाय?" दादा ओले हात शर्टाला पुसतो, मगच कागद हातात घेतो. झाली भेट. रडायचंच असेल तर वाचकाला रडू दे.

आणि "मग सगळे सुखानं एकत्र राहू लागले" असं लिहायच्या आधी थांबा. हंगाम संपायला अजून दोन महिने आहेत, उचल फिटलेली नाही. अप्पा आणि माय कोपीतच राहणार. दादा गावी येतो, आज्जी आणि सुमीपाशी राहतो, पुढच्या प्रवेशाची वाट बघतो, तोवर पडेल ते काम करतो. रोज रात्री मुकादमाच्या फोनवरून पाच मिनिटं बोलणं होतं. घर जुळलं आहे, पण सगळे एका छपराखाली नाहीत. मुलांना हे कळतं. ज्यांचे आईबाप खरोखरच लांब असतात त्यांना तर फारच चांगलं कळतं.

घटस्फोटाची गोष्ट लिहीत असाल तर इथं दुप्पट जपा. मुलानं पुरेसं शूर व्हावं, पुरेसं शहाणं व्हावं म्हणजे आईबाबा पुन्हा लग्न करतील, असा शेवट खऱ्या मुलावर न पेलणारं ओझं टाकतो. तिथं भेट म्हणजे शाळेच्या संमेलनाला दोघंही आले, शेजारी बसले आणि मुलाला "तू कुणाच्या बाजूचा?" असं कुणी विचारलं नाही, एवढीही पुरते.

सातवी पायरी: भाषा

थोडक्यात सांगते. निवेदन साध्या बोलीत ठेवा, संवाद त्या गावचे असू द्या, पण दर ओळीत बोलीचा मारा नको. अर्थ संदर्भातून कळेल एवढाच वापरा. मूल आईला काय म्हणतं ते आधी ठरवा: माय, आई, आय, मम्मी. एकदा ठरलं की गोष्टभर तेच. "अद्भुत", "अविस्मरणीय", "मंत्रमुग्ध" असले शब्द दिसले की तिथं काहीतरी दाखवायचं राहिलं आहे असं समजून परत लिहा. कहाण्यांची लहान लहान वाक्यं आणि त्यांतलं पुन्हा पुन्हा येणारं पालुपद उसनं घ्यायला हरकत नाही. सुमीच्या गोष्टीत प्रत्येक फेरीआधी "तळहात ठेवला. ठिगळ गार होतं." ही दोन वाक्यं तशीच येऊ द्या. तिसऱ्या वेळी ऐकणारी मुलं ती तुमच्याबरोबर म्हणतील.

लांबीचं माझं मोजमाप असं: पाच ते सात वर्षांसाठी चारपाचशे शब्द आणि एकच फेरी, आठ ते अकरासाठी दीड-दोन हजार शब्द आणि तीन फेऱ्या. त्याहून मोठ्या मुलांसाठी प्रकरणं पाडा.

आठवी पायरी: मुलांना वाचून दाखवा, मग पाठवा

स्वतःच्या मुलांना नको, ती तुमची असतात. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांची परवानगी घेऊन एक तास मागा. वाचताना कागदाच्या कडेला खुणा करा: कुठं चुळबूळ झाली, कुठं हसली, कुठं शांत झाली. वाचून झाल्यावर "आवडली का?" विचारू नका, सगळी हो म्हणतात. "सुमीच्या जागी तू पहिल्यांदा कुणाच्या ठिगळावर हात ठेवला असतास?" असं विचारा. उत्तरांवरून तुम्हाला कळेल की कुठलं पात्र जिवंत झालं आणि कुठलं नाही. एखादं मूल ऐकताना अगदी गप्प झालं, किंवा स्वतःच्या घरचं सांगायला लागलं, तर वर्गासमोर त्याला खोदून विचारू नका. ऐकून घ्या आणि नंतर शिक्षकांच्या कानावर घाला.

पुनर्लेखन झालं की पाठवायला जागा आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं आणि ते खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत जातं, म्हणून सुमीसारख्या गोष्टीसाठी मी आधी त्याचाच विचार करेन. मुलांचे दिवाळी अंक असतात, त्यांचं साहित्य पावसाळ्यातच जमायला लागतं, तेव्हा दसऱ्याला जागे होऊ नका. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर' या मंचावर मराठीत गोष्ट स्वतःही चढवता येते, पण तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असतात, कुणीही त्यांचं भाषांतर किंवा रूपांतर करू शकतं. हे आधी समजून घ्या. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, वरती वयोगट आणि शब्दसंख्या लिहा, पत्रात गोष्टीचा सारांश दोन-तीन ओळींत द्या. एका ठिकाणाहून नकार येईपर्यंत किंवा त्यांनी सांगितलेली मुदत उलटेपर्यंत तीच गोष्ट दुसरीकडे पाठवू नका.